सांगता येत नाही, पण लिहिता येतं

“अगं, मन मोकळं कर, म्हणजे बरं वाटेल,” असं आपण दुसरीला किती सहज सांगतो! पण तिला ते जमतं का, मैत्रिणींनो? मूल गमावलेली किंवा वर्षानुवर्षं मनात कुढणारी बाई समोर बसते, पदराचं टोक पिळते आणि म्हणते, “काही नाही हो, सगळं ठीक आहे.” सरळ विचारलं की शब्द घशातच अडकतात. तेच दुःख गाण्याच्या किंवा चित्राच्या आडून मात्र बाहेर येतं. मानसोपचारात कविता आणि कला वापरतात त्या याचसाठी.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. पहाटे जात्याशी बसून आपल्या आज्या-पणज्या काय करत होत्या? सासरचा जाच तोंडाने बोलायची सोय नव्हती, पण ओवीत गायची मुभा होती! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. तिशीत वैधव्य आलं, आणि ते दुःख त्यांच्या गाण्यांत उतरलं.

आता, ओवी गाणं म्हणजे काही उपचार नव्हे. उपचारात समोर ऐकणारं माणूस शिकलेलं असतं, आणि फरक तिथेच आहे. अमेरिकेत एली ग्रायफर नावाचा एक कवी होता. औषधं विकणारा आणि वकिलीही केलेला! 1928 पासून तो ‘कवितेने मन बरं होतं’ असं सांगत असे. पुढे 1959 मध्ये जॅक लीडी या मनोविकारतज्ज्ञाबरोबर त्याने ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात रुग्णांचा कविता-गट चालवला. लीडींचं म्हणणं मला फार पटतं. उदास माणसाला हसरी कविता देऊ नका, त्याच्या मनासारखीच उदास कविता द्या, फक्त तिच्या शेवटी थोडी आशा असू द्या. रडणाऱ्या बाईला “हस बघू” म्हटलं की तिला आणखीच एकटं वाटतं, हे आपण घरोघरी पाहतोच की!

अशा बैठकीत कवितेचा अर्थ विचारत नाहीत. “कुठल्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं?” एवढंच विचारतात. मग स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या. यमक जुळलं नाही तरी चालतं, शुद्धलेखनाला गुण नाहीत. (माझ्यासारख्या मास्तरणीला हे जरा जड जातं!) चित्राचंही तसंच. मुलाने सगळा कागद काळा केला म्हणून लगेच ‘हा दुःखी आहे’ असं ठरवू नका. बाकीचे खडू संपलेलेही असतील! “यात काय चाललंय, सांग ना,” असं विचारावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं हेच सगळ्यात कठीण.

घरी काय करता येईल? 1986 मध्ये जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलामुलींना ओळीने चार रात्री, रोज 15 मिनिटं लिहायला बसवलं. ज्यांनी मनाला लागलेला प्रसंग आणि त्या वेळी काय वाटलं, हे दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. मात्र लिहून झाल्या-झाल्या त्यांना बरं नाही, उलट वाईटच वाटलं होतं! म्हणून पहिल्या दिवशी डोळे भरून आले तर घाबरू नका. पण एखादी आठवण अगदीच सोसवेना, तर वही मिटा आणि दुसरं काही लिहा. जबरदस्ती नको. दुपारची झाकपाक झाली की बसा. वाचणार कुणीच नाही अशी खात्री असली, तरच खरं लिहिलं जातं. तेव्हा वही कपाटात कुलपात ठेवा, नाहीतर लिहून कागद फाडून टाका.

पण रात्र-रात्र झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर वहीवर विसंबू नका. तिथे डॉक्टरच हवेत. चालू गोळ्या तर मनाने मुळीच बंद करू नका. सरकारच्या ‘टेलि-मानस’चा 14416 हा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. शेजारणीसाठीही नंबर टिपून ठेवा.