जुनी गाडी आणि कागदावरचे नाव

कवीला मोटारसायकलीतले काय कळते, असे माझी थोरली बहीण नेहमी म्हणते. तरी गेल्या दिवाळीच्या सुटीत तिचाच फोन आला. ‘‘तुझा भाचा जुनी मोठी गाडी घेतोय. तू बरोबर जा. त्याला नुसता रंग दिसतो, तुला निदान कागद तरी दिसतील.’’ भाचा पुण्यात नोकरीला आहे आणि दर पंधरा दिवसांनी कऱ्हाडला घरी येतो. मधे खंबाटकीचा घाट, हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. बहिणीची काळजी खोटी नव्हती. आणि कागदांचा उल्लेख तिने का केला, हेही मला ठाऊक होते. ते पुढे सांगतो.

भाच्याला हवी होती ‘स्पोर्ट टूरर’. नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा आहे. नुसत्या वेगासाठी केलेल्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा बसतो. तासाभरात मनगटे आणि कंबर बोलू लागते. स्पोर्ट टूररवर बैठक जराशीच पुढे झुकलेली असते, वारा अडवायला समोर आवरण किंवा काच असते, मागच्या माणसालाही नीट बसता येते, आणि घाटात ट्रकला ओलांडून जाण्याइतका जोर हाताशी शिल्लक असतो. आपल्याकडे २००३ साली हिरो होंडाची २२३ सीसीची करिझ्मा आली, तेव्हा पुष्कळ तरुणांनी पहिल्यांदा दूरच्या प्रवासाची स्वप्ने पाहिली. २०११ साली होंडाची सीबीआर २५० आर आली. तिचे इंजिन पाण्याने थंड होणारे होते. २०१६ च्या अखेरीस बजाजची ३७३ सीसीची डोमिनार ४०० आली. तिला पूर्ण आवरण नाही, पण लांबच्या प्रवासाला ती फार वापरली जाते. ती जुनी करिझ्मा आणि सीबीआर आता नवी मिळत नाही. अशी बंद झालेली गाडी घेण्याआधी आपल्या गावातल्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : हिचे सुटे भाग मिळतात का?

आम्ही पहिली पाहिली ती एक डोमिनार. मीटरवर जेमतेम अठरा हजार किलोमीटर. नुकतीच धुऊन, पॉलिश करून ठेवलेली. भाच्याचे डोळे चमकले. मी इंजिनाजवळ हात नेला. गरम होते. मालक म्हणाला, ‘‘तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली होती.’’ लक्षात ठेवा, जुनी गाडी थंड असतानाच बघावी. सकाळी पहिल्यांदा सुरू होताना ती कुरकुरते का, टकटक आवाज येतो का, हे गरम इंजिन सांगत नाही. इंजिन तापल्यावर धूर निळसर येत असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आत शिरते आहे असे समजावे आणि नमस्कार करून निघावे.

मीटरवर आमचा विश्वास बसेना. मीटर मागे फिरवता येतो, पण झीज मागे फिरवता येत नाही. पाय ठेवायच्या रबरांवरची नक्षी पुसली आहे का, गिअरच्या दांडीचे रबर गुळगुळीत झाले आहे का, ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवले तर कडेला कंगोरा लागतो का, हे पाहावे. त्या गाडीची रबरे पार झिजली होती. अठरा हजारांत एवढे होत नाही. सर्व्हिसची नोंद मागितली, तर ‘घर बदलताना हरवली’.

नंतर पाहायचे ते पडझडीचे. मोटारसायकल पडली की सर्वांत आधी हँडलची टोके, ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोके, पायदाने आणि इंजिनाच्या बाजूचे झाकण घासते. एका बाजूचे सगळे भाग नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असतील, तर का, ते विचारावे. उभ्या उभ्या पडलेली गाडी आणि वेगात आपटलेली गाडी यांत फरक असतो. म्हणून पुढचे चाक दोघांनी मिळून उचलावे आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले, तर कोन सेट गेला आहे. ते दुरुस्त होते. पण हँडल जिथे चेसीला टेकते तो ठोकळा चेपलेला असेल, किंवा तिथल्या वेल्डिंगजवळ रंग तडकलेला असेल, तर ती गाडी समोरून आदळलेली असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

पुढच्या शॉकअपच्या दांडीवर ऑइलचे कडे दिसले तर सील फुटले आहे. खर्च फार नाही, पण ते ऑइल ओघळून ब्रेकवर गेले तर घाटात ब्रेक लागायचा नाही. चेनसाठी सोपी परीक्षा आहे. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटांनी ओढावी. ती दातांवरून उचलली जाऊन खाली फट दिसू लागली, किंवा चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर पूर्ण चेन सेट बदलावा लागणार. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. आपल्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट एबीएसची. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये, म्हणून ही योजना असते. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीची गाडी असेल तर आहे की नाही ते विचारावे. असेल तर चावी फिरवल्यावर मीटरमध्ये तिचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे. आणि दिवा लागतच नसेल, तर कोणी तो बिघाड लपवला आहे का, अशी शंका घ्यावी.

इथपर्यंत भाच्याने ऐकून घेतले. मग कागदांचा विषय निघाला. मालक हसून म्हणाला, ‘‘कागद माझ्या नावावर नाहीत, आधीच्या मालकाच्या नावावर आहेत. पण त्याच्या सह्या घेतलेले फॉर्म आहेत ना! कधीही नाव चढवा.’’ मी भाच्याला म्हणालो, ‘‘चल.’’ बाहेर आल्यावर तो रागावला. ‘‘मामू, सगळे असेच करतात.’’ मी म्हणालो, ‘‘मीसुद्धा असेच केले होते.’’

२००४ साली मी माझी आरएक्स १०० विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि गाडी विसरलो. पाच वर्षांनी न्यायालयाचा कागद दारात आला. ती गाडी पुढे दोनदा विकली गेली होती, नाव मात्र माझेच राहिले होते. विमा कधीच संपलेला. रात्री उसाच्या बैलगाडीबरोबर चालणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने उडवले होते. त्याचा पाय कायमचा गेला. चालवणारा पळून गेला आणि कागदावर सापडलो मी. सुरुवातीला मला वाटले, माझ्यावर अन्याय होतो आहे. मग न्यायाधिकरणाच्या ओसरीत मी त्या म्हाताऱ्याला काठी टेकत येताना पाहिले. त्याने कोणाला शोधायचे होते? त्याच्यापाशी एक नंबर होता आणि त्या नंबराशी जोडलेले एक नाव होते. मी तडजोड केली आणि हप्त्याहप्त्याने रक्कम दिली. पैशाचे दुःख काही वर्षांत गेले. आपण एक सही नीट केली असती आणि गाडीचा विमा चालू राहिला असता, तर त्या माणसाला पैसे कितीतरी लवकर मिळाले असते, ही बोच मात्र राहिली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर आहे, भरपाईच्या जबाबदारीसाठी तोच मालक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आहेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन तो बोजा उतरवावा. परराज्यातली गाडी असेल तर २८ नंबरच्या फॉर्मवर तिथल्या आरटीओचे नाहरकत पत्र लागते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्यावा. चेसी नंबर स्वतः डोळ्यांनी वाचून आरसीशी ताडून पाहावा आणि थकलेले ई-चलन आहे का ते ऑनलाइन बघावे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी देणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना २९-सी फॉर्मने आरटीओला गेली, की ती त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याची.

महिनाभराने भाच्याला दुसरी डोमिनार मिळाली. मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर, टाकीवर एक पोचा, आणि मालकाकडे प्रत्येक सर्व्हिसच्या पावत्यांची जाड फाईल. इंजिन थंड होते. पहिल्याच बटणाला सुरू झाले. लांब पल्ला नियमाने धावलेली आणि वेळेवर ऑइल बदललेली गाडी, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी असते. चालवून पाहताना भाच्याने मला मागे बसवले. ते बरेच झाले. एकट्याने पाहिलेली गाडी दोघांच्या वजनाने वेगळी वागते. मागचा टायर जुना होता, चेन सेटही संपत आला होता. ते पैसे आम्ही आधीच बाजूला ठेवले होते. जुन्या गाडीसाठी खिशातली सगळी रक्कम कधी खर्चू नये. साधारण पाचवा हिस्सा टायर, चेन आणि ब्रेकसाठी राखावा.

पैसे देण्याआधी मी मालकाला भीतभीतच विचारले, ‘‘आरटीओचे काम आधी उरकायचे का?’’ तो म्हणाला, ‘‘मीच सांगणार होतो. गाडी तुमची, नाव माझे, असे मला नको.’’ मला तो माणूस आवडला.

नव्या नावाची आरसी हातात पडल्यावर भाचा त्याच शनिवारी कऱ्हाडला आला. बहिणीने गाडीकडे पाहिलेही नाही. तिने आधी आरसी मागून घेतली, चष्मा लावून नाव वाचले, आणि मग त्याला म्हणाली, ‘‘हेल्मेट काढ, जेवायला बस.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)