हळदीत लोळलेली भाटी?

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीवर एक भाटी ऐटीत बसली होती. पोट पांढरं, पाठीवर काळी ठिगळं, एक कान काळा आणि दुसरा चक्क नारिंगी!

"हळदीत लोळली असंल," भाचा म्हणाला. त्यानं तिच्या कानावरून हळूच बोट फिरवलं. बोट कोरडं ठाक, रंगाचा कणही नाही.

"पण मामा, ही भाटीच आहे, बोका नाही, हे लांबूनच कसं कळलं तुला?"

रंगावरून!

मांजराच्या पेशीत गुणसूत्रांच्या 19 जोड्या असतात. त्यातली एक जोडी भाटी की बोका ते ठरवते. भाटीकडे दोन एक्स, बोक्याकडे एक एक्स आणि एक वाय. आता गंमत बघा, केसांना नारिंगी करणारा जनुक बसलाय नेमका एक्सवर. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एकतर नारिंगी, नाहीतर काळा. भाटीच्या मात्र एका एक्सवर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा असू शकतो.

मग दोन्ही रंग कालवल्यासारखे एक का होत नाहीत? कारण भाटी-पिल्लू आईच्या पोटात अगदी इवलंसं असतानाच त्याची प्रत्येक पेशी दोनातला एक एक्स गुंडाळून बंद करून टाकते. कोणता, ते ज्या त्या पेशीचं नशीब! पुढं त्या पेशीपासून झालेल्या साऱ्या पेशी तोच एक्स बंद ठेवतात. एका पेशीचं गणगोत काळं ठिगळ होतं, शेजारणीचं नारिंगी. मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी 1961 मध्ये उंदरांवरून हे ओळखलं. मला पेशींची ही युक्ती फार आवडते. पांढरा रंग मात्र वेगळ्याच जनुकाची करामत.

नारिंगी जनुक नेमका कोणता, हे जपानी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये छापून सांगितलं. नारिंगी मांजरांच्या एक्सवरचा एक छोटा तुकडा गळालेला असतो.

तीन रंगांचा बोका कधी भेटतच नाही का? भेटतो, पण अशा हजारो मांजरांत एखादा. त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो.

आता एक काम तुमच्याकडे. बोक्याला एक्स फक्त आईकडून मिळतो. तुमच्या गोठ्यात नारिंगी भाटी व्याली, तर तिची बोका-पिल्लं कोणत्या रंगाची निघतात, ते नीट बघा आणि वहीत लिहून ठेवा.