शिरेतून जेवण (लेखांक ६) : पिशवीत जस्त किती घालायचे?

मागच्या आठवड्यात आपण स्वीडनच्या अरविड व्रेटलिंड यांच्या सोयाबीन तेलाच्या द्रावणापाशी थांबलो होतो. साखर आली, अमिनो आम्ले आली, स्निग्धांशही आला. आता पिशवीत घालायचे काही राहिलेले नाही, असे १९७०च्या सुमारास पुष्कळांना वाटत होते. आतडे निकामी झालेले रुग्ण या पिशव्यांवर जगत होते आणि त्यांची वजनेही वाढत होती. पण काही आठवड्यांनी त्यांतल्या काहींचे केस गळू लागले.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या के आणि टॅस्मन-जोन्स या डॉक्टरांनी १९७५-७६ मध्ये असे रुग्ण नोंदवले. जुलाब, खिन्नता, तोंडाभोवती चट्टे आणि मग केस गळणे, असा क्रम होता. विशेष म्हणजे हे सारे रुग्ण सुधारू लागल्यावर व्हायचे. वजन वाढायला लागले की नव्या पेशी रक्तातले जस्त ओढून घेत आणि पिशवीतून तर जस्त येतच नव्हते. ते दिल्यावर लक्षणे झपाट्याने ओसरली.

मग आधीच्या रुग्णांत हे का दिसले नव्हते? पूर्वी प्रथिनांसाठी दुधातले केसीन किंवा रक्तातले फायब्रिन विघटित करून वापरत. त्यातून थोडेफार जस्त, तांबे न मागताच येत असे. पुढे शुद्ध स्फटिकरूप अमिनो आम्ले आली आणि ही फुकटची आवक थांबली. द्रावण जितके शुद्ध, तितकी उणीव लवकर उघडी पडते.

एखादे औषध तपासायचे तर निम्म्या रुग्णांना ते द्यायचे आणि निम्म्यांना द्यायचे नाही, ही आपल्या ओळखीची रीत. इथे ती चालत नाही. जस्ताशिवाय काय होते हे एकदा कळल्यावर मुद्दाम बिनजस्ताची पिशवी लावायला कोण परवानगी देईल? म्हणून या क्षेत्रातले बरेचसे ज्ञान एकेका रुग्णाकडून आले आहे. टोरांटोच्या जीजीभॉय (आडनाव मुंबईकरांच्या चांगलेच परिचयाचे) आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तीन वर्षांहून अधिक काळ ती शिरेतल्या पोषणावर होती. मग वजन घटू लागले, पायांच्या नसा कमकुवत झाल्या, रक्तातली साखर चढली, दिवसाला ४५ युनिट इन्सुलिन लागू लागले. दोन आठवडे रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम दिल्यावर इन्सुलिनची गरजच उरली नाही. पुरावा म्हणून ही हकिगत अजूनही सांगितली जाते. पण क्रोमियमशिवाय काय होते हे तिने दाखवले. निरोगी माणसाला रोज किती लागते, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

‘किती’ या प्रश्नासाठी वेगळी पद्धत लागली : शरीराचा जमाखर्च. शिरेतून किती गेले ते नेमके माहीत असते. मग लघवी, विष्ठा, पोटातल्या नळीतून निघणारा द्रव, फिस्टुलातून झिरपणारे पाणी, सगळे गोळा करायचे आणि त्यातले जस्त मोजायचे. डोस बदलायचा आणि पुन्हा मोजायचे. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करा! एक बाटली नर्सच्या हातून बेसिनमध्ये ओतली गेली तर सगळा दिवस वाया. टोरांटोच्याच गटाने १९७९ मध्ये या मोजणीतून जे आकडे काढले, ते आजही वापरले जातात. पचनमार्गातून काहीच वाया जात नसेल तर दिवसाला सुमारे ३ मिलिग्रॅम जस्त पुरते. लहान आतड्यातला एक लिटर द्रव बाहेर गेला तर त्यामागे १२ मिलिग्रॅम आणखी, एक किलो विष्ठेमागे १७. म्हणजे नुसत्या जुलाबांनी गरज कित्येक पटींनी वाढू शकते. सर्वांना एकच ठरावीक कुपी देण्यातला धोका इथे स्पष्ट दिसतो.

जास्तीचा धोका मँगनीजने शिकवला. अन्नातल्या मँगनीजपैकी आतडे अगदी थोडेच आत घेते आणि नको तेवढे पित्तातून बाहेर टाकले जाते. शिरेतून दिलेले मात्र सगळेच्या सगळे रक्तात जाते. १९७९ च्या अमेरिकन शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १५० ते ८०० मायक्रोग्रॅम सांगितले होते. पित्तमार्ग तुंबलेल्या मुलांत मँगनीज मेंदूत साठते, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये एमआरआयवर दाखवले. आज सांगतात ५५ मायक्रोग्रॅम.

त्यातच, काही न घालताही पिशवीत पुष्कळ काही असते. क्रोमियम, मँगनीज आणि ॲल्युमिनियम इतर घटकांतून अशुद्धी म्हणून येतात. काचेच्या कुपीतले कॅल्शियम ग्लुकोनेट तर ॲल्युमिनियमसाठी बदनाम आहे. गंमत अशी, की अशुद्धीची चाचणी मात्र रीतसर करता आली. कारण इथे कोणाला काही नाकारायचे नव्हते, नेहमीचे द्रावण आणि त्याहून स्वच्छ द्रावण एवढाच फरक होता. इंग्लंडमध्ये २२७ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेला हा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी बाळे एकत्र धरली तर दीड वर्षाच्या वयातल्या बौद्धिक चाचणीत दोन गटांतला फरक ठळक नव्हता. पण मेंदू-स्नायूंची इजा नसलेल्या बाळांत, नेहमीच्या द्रावणाच्या प्रत्येक दिवसामागे सरासरी एक गुण कमी होत गेला. अमेरिकेने पुढे २००४ पासून मोठ्या आकारमानाच्या द्रावणांना लिटरमागे २५ मायक्रोग्रॅम ॲल्युमिनियमची मर्यादा घातली.

आयसीयूतल्या रुग्णांना सेलेनियम या आणखी एका सूक्ष्म घटकाचे मोठे डोस औषध म्हणून देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले. त्यांतले मोठे प्रयोग फारसे फळाला आले नाहीत. उणीव भरून काढणे आणि भरलेल्यात ओतत राहणे हे वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्यावर जरा जास्तच पैसा खर्च झाला असे मला वाटते.

बिनजस्ताचा जो प्रयोग कोणी मंजूर केला नसता, तो २०१२ मध्ये टंचाईने केला. अमेरिकेत जस्ताची इंजेक्शने मिळेनाशी झाली आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनमधल्या तीन अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कातडीवर चट्टे उमटले. तोवर झिंक सल्फेटची इंजेक्शने तिथे वर्षानुवर्षे औपचारिक मंजुरीविनाच विकली जात होती. त्यांना मंजुरी मिळाली २०१९ मध्ये. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित कुपीत एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम जस्त, ०.३ मिलिग्रॅम तांबे, ५५ मायक्रोग्रॅम मँगनीज आणि ६० मायक्रोग्रॅम सेलेनियम आहे. क्रोमियम तिच्यात नाही.

पुढच्या आठवड्यात जीवनसत्त्वे, आणि पिशवीवर उजेड पडू नये म्हणून तिला आवरण का घालतात ते.