मासे न मोजता

समुद्रात मासे किती आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते बंदरावर किती उतरले, एवढंच. कोचीला मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७पासून हेच मोजत आली आहे. ठरावीक बंदरं, ठरावीक दिवस, निवडक बोटी आणि त्यावरून राज्याचा अंदाज. शेकड्यांनी जाती एकाच जाळ्यात येणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर याहून बरी पद्धत सुचणं कठीण आहे. पण बोटी आणखी लांब गेल्या, डिझेल दुप्पट जाळलं आणि मासळी मात्र तेवढीच आणली, तर बंदरावरच्या वहीत सगळं आलबेल दिसतं.

आकडे भरपूर असले तरी फसगत टळते असं नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाइतका अभ्यास जगात क्वचितच कुठल्या माशाचा झाला असेल. उरलेले कॉड दाटीने एकत्र राहत होते, म्हणून मोठ्या ट्रॉलरना ते भरपूर मिळत राहिले आणि साठ्याचे अंदाज फुगले. किनाऱ्यालगत मासेमारी करणारे छोटे मच्छीमार मासा कमी झाल्याचं ओरडून सांगत होते. ते ऐकलं गेलं नाही. २ जुलै १९९२ला बंदी आली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं.

रॉबर्ट योहानस या सागरी जीवशास्त्रज्ञाने उलट्या बाजूने सुरुवात केली. १९७०च्या दशकात तो पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर राहिला आणि मच्छीमारांना विचारत सुटला: कोणता मासा कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला अंडी घालतो? चंद्रकलेनुसार अंडी घालणाऱ्या जितक्या जाती जगभरच्या शास्त्रीय साहित्यात नोंदलेल्या होत्या, त्यांच्या दुपटीहून जास्त या लोकांना माहीत होत्या. १९९८मध्ये योहानसने रोखठोक लिहिलं की अशा किनाऱ्यांवर साठ्याचे आकडे मिळण्याची वाट पाहू नका, त्यांच्याविना व्यवस्थापन करा. हेकरूच्या जातीचे मासे अंडी घालायला जमतात तेव्हा त्यांना हात लावायचा नाही, या नियमाला ते एकूण किती आहेत हे कळण्याची गरजच नाही. पलाऊने १९९४मध्येच एप्रिल ते जुलै अशी बंदी कायद्यात आणली होती.

आपल्याकडची १ जून ते ३१ जुलैची बंदी याच जातकुळीची. खवळलेला दर्या आणि माशांची वीण, दोन्ही त्यामागे आहे. नारळी पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टात येते आणि बंदी तोवर वाढवा ही कोळ्यांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. मला ती रास्त वाटते. ‘आधी पुरेसा अभ्यास होऊ द्या’ असं म्हणणाऱ्याच्या बोटी बहुधा त्या काळात समुद्रातच असतात.

आणखी एक हत्यार आहे, फूटपट्टी. जर्मनीतल्या कील शहरातल्या राइनर फ्रोजे यांनी २००४मध्ये तीन प्रश्न पुरेसे ठरवले. पकडलेल्या माशांपैकी किती वयात आलेले होते? किती मासे योग्य वाढीला पोचले होते? आणि खूप अंडी घालणाऱ्या थोराड माद्या किती उचलल्या? तिन्हींची उत्तरं धक्क्यावर पट्टी लावून मिळतात. वयात येण्याची लांबी तेवढी आधी ठाऊक हवी.

महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटाला १३५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वापाच इंच. त्याच वर्षी रुपेरी पापलेट राज्यमासा झाला. नियम चांगला आहे, पण तो उशिरा लागू होतो. ट्रॉल जाळ्यातून वर आलेलं पिल्लू बहुतेक मेलेलंच असतं. ते समुद्रात परत टाकून कोणाचं भलं होणार? ते आणू नका म्हटलं तर वाटेतच फेकलं जाईल आणि बंदरावरच्या मोजणीतूनही सुटेल.

म्हणून तज्ज्ञांचा भर जाळ्यावर आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, असावा, अशी शिफारस आहे. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण पडला की मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि बारीक मासा पाण्यात असतानाच निसटतो. त्याच्याबरोबर विकाऊ कोळंबीही थोडी निसटते आणि बोटमालकांची कुरकुर असते ती या कोळंबीसाठी.