गेलेला हात परत कसा येतो?

लेखमाला : मेंदू आणि हालचाल (भाग ६)

देऊळगाव राजा तालुक्यातल्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं ते बोटांच्या कसबावर. उमलायच्या बेतातली कळी हेरायची, बारीक चिमट्याने तिच्यातले पुंकेसर अलगद काढायचे आणि मग नराच्या झाडाचा पराग तिच्यावर लावायचा. दाब जरा जास्त बसला तर कळी हातातच तुटते. हंगामात दिवसभर हेच काम करणाऱ्या बायकांना त्यात विशेष काही वाटत नाही. मेंदूला मात्र अंगठा आणि तर्जनीची ही चिमूट फार महाग पडते. हाताच्या इतक्या बारीक हालचालीसाठी मेंदूने बरीच मोठी जागा राखून ठेवलेली असते. लकवा मारला की पाय पुष्कळदा लवकर साथ देऊ लागतो, खांदा हलतो, कोपर वाकतं. चिमूट बहुधा सगळ्यात शेवटी येते, आणि काहींची येतच नाही.

मागच्या भागात पहिल्या काही तासांची माहिती दिली होती. तोंड वाकडं होणं, हात गळून पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करायचा. पुढे सीटी स्कॅन, आणि रक्ताची गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं इंजेक्शन. पुण्याची जेनोव्हा कंपनी बनवते ते टेनेक्टेप्लेज याच कामाचं. ते शिरेतून एकदाच टोचून देता येतं, तासभर थेंबथेंब सोडत बसावं लागत नाही. म्हणून लहान गावातून मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णासाठी ते सोयीचं. या भागाचा विषय त्यानंतरचा आहे. जीव वाचला, रुग्ण घरी आला, बाजेवर निजला आणि उजवा हात उचलत नाही. आता काय?

हा प्रश्न किती घरांचा आहे, याचा अंदाज महाराष्ट्रातल्याच दोन अभ्यासांवरून येतो. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका भागातली लोकसंख्या ठरवून घेतली आणि तिच्यातल्या पक्षाघाताच्या नव्या रुग्णांची नोंद ठेवली. वर्षाला लाख लोकांमागे १४५ जणांना पहिला झटका आला. त्यातले सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत गेले. म्हणजे दहातले सात जण वाचले, आणि त्यांच्यापुढे सावरण्याचा लांब रस्ता होता.

दुसरा अभ्यास देऊळगाव राजापासून विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या गटाने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. लोकसंख्या ९४ हजारांवर, मृत्यू १५९९. सगळ्यात जास्त जीव घेणारं कारण निघालं पक्षाघात : २२९ मृत्यू, शेकड्याला चौदाहून अधिक. लकवा हा शहरी, श्रीमंत माणसांचा आजार, हा समज त्या आकड्याने खोडून काढला. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद या लेखाच्या विषयाला थेट भिडते. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोक घरीच गेले, आणि निम्म्याहून जास्त जण झटका आल्यावर महिनाभर तरी जगून मग गेले. तो सगळा काळ काढला कुणी? घरच्यांनी. खेड्यातला लकव्याचा रुग्ण घरच्यांच्याच हातात असतो, त्यामुळे सावरण्याविषयीचं शास्त्र त्या घरापर्यंत पोचायला हवं.

हात हलत नाही म्हणजे बिघाड हातात असतो, असं नाही. स्नायू शाबूत असतात, हाडं-सांधे शाबूत असतात. तुटलेला असतो तो हुकूम. हालचालीचा आदेश मेंदूच्या वरच्या थरातून निघतो, मेंदूच्या खोल भागात एका अरुंद जागेतून खाली उतरतो, मानेच्या वर बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यातून हातापायाकडे जातो. म्हणून डाव्या मेंदूतल्या गुठळीने उजवी बाजू जाते. त्या अरुंद जागेत सगळे तंतू दाटीने बसलेले असल्यामुळे तिथली छोटीशी गुठळीही चेहऱ्यापासून पायापर्यंत अख्खं अंग गळपटवते.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, तरी माणूस सावरतो, तो दोन प्रकारे. मेलेल्या भागाच्या कडेला काही पेशी अर्धमेल्या अवस्थेत तग धरून असतात. रक्त मिळालं, सूज उतरली की त्या जाग्या होतात. पहिल्या काही दिवसांतली सुधारणा बरीचशी त्यांची. त्यानंतरचं काम शेजाऱ्यांचं. देऊळगाव राजाच्या बालाजी यात्रेत लाटा, म्हणजे मंडपाचे लाकडी खांब, उभारायला शेकडो हात लागतात. काही हात थकून सुटले तर बाजूचे पुढे होऊन भार घेतात. मेंदूतही गेलेल्या भागाच्या आजूबाजूचे भाग नवे धागे जोडून त्याचं काम थोडंथोडं अंगावर घेतात. पण ते आपोआप पुढे होत नाहीत.

हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं ते माकडांत. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. लहान चणीच्या माकडांच्या मेंदूतल्या हाताच्या भागात त्यांनी छोटीशी इजा केली. मग काही माकडांना रोज एक काम दिलं : फळीतल्या लहान-मोठ्या खळग्यांतून दुबळ्या हाताच्या बोटांनी खाऊची गोळी काढायची. खळगा जितका लहान, तितकं अवघड. ज्यांना सराव नव्हता, त्यांच्या मेंदूत इजेच्या आसपास शिल्लक राहिलेला हाताचा भागही आकसत गेला. ज्यांनी सराव केला, त्यांच्यात तो भाग टिकला आणि काहींत शेजारच्या कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. वापर थांबला की इजेतून वाचलेला भागही हातचा जातो, हे या प्रयोगाने दाखवून दिलं.

एडवर्ड टॉब हे दुसरे अमेरिकन संशोधक आणखी एका गोष्टीकडे वळले. दुबळा हात वापरायला गेलं की तो चुकतो, सांडतो, लाज आणतो. चांगला हात लगेच मदतीला येतो. काही आठवड्यांत माणूस दुबळा हात वापरायचाच सोडून देतो, मग त्या हातात थोडी शक्ती परत आली तरी तिचा पत्ता लागत नाही. टॉब यांचा उपाय सरळ होता : चांगला हात अडवा. ‘एक्साइट’ नावाच्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्ण होते, सगळे झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि तो दोन आठवडे जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ ठेवायला सांगितला. सोबत दुबळ्या हाताचा कसून सराव. २००६ मध्ये निकाल आले. ठरावीक कामं करायला या गटाला आधी सरासरी १९.३ सेकंद लागत होते, वर्षानंतर ९.३. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता येणाऱ्यांनाच ही पद्धत चालते. हात पूर्ण लुळा असेल तर नुसता मोजा घालून काही साधत नाही.

सराव म्हणजे किती? इथे संशोधनाने एक अवघड सत्य समोर आणलं. अमेरिकेतल्या कॅथरिन लँग यांच्या गटाने फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या ३१२ सत्रांत बसून मोजदाद केली. दुबळ्या हाताने काहीतरी उपयोगाचं काम करण्याची हालचाल एका सत्रात सरासरी फक्त ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोजच्या शेकडो हालचालींनी. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याच गटाने १३ रुग्णांवर करून पाहिलं : तासाभरात तीनशे वेळा जमेल का? सरासरी ३२२ जमल्या. रुग्णांच्या अंगात तेवढी ताकद होती. तेवढं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

केव्हा सुरू करायचं, याचं उत्तर ‘जितक्या लवकर तितकं बरं’ असं वाटेल. तसं नाही. पाच देशांतल्या २१०४ रुग्णांच्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या २४ तासांतच रुग्णांना उठवून जोरदार हालचाल करायला लावली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगल्या स्थितीत पोचलेल्यांचं प्रमाण कमी निघालं : ४६ टक्के विरुद्ध ५० टक्के. हे २०१५ चं. उलट फार उशीरही महागात पडतो. २०२१ मध्ये अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या गटाने ७२ रुग्णांना नेहमीच्या उपचारांवर हाताचा २० तासांचा जादा सराव दिला, कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कुणाला सहा महिन्यांनंतर. सगळ्यात जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्यांना झाला. सहा महिन्यांनंतर जादा सराव मिळालेल्यांत तसा फरक दिसला नाही.

हे तीन महिने देऊळगाव राजात कसे जातात? न्यूरॉलॉजिस्ट म्हटलं की जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर. रुग्णालयातून सुट्टी होते तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी असते, आणि ‘व्यायाम करत राहा’ एवढं सांगणं. फिजिओथेरपीसाठी रोज जालन्याला जायचं तर गाडीभाडं, सोबतीला एक माणूस आणि त्याचा बुडालेला रोज. दोन-चार खेपांनंतर जाणं थांबतं. मग तेलाची मालिश सुरू होते, कुणीतरी लांबच्या गावातलं झाडपाल्याचं औषध सुचवतं. घरात माया भरपूर असते. “आबा, राहू द्या, मी भरवते,” म्हणून सून घास तोंडाशी नेते, आणि आबांच्या उजव्या हाताची त्या दिवसाची एक संधी जाते. मालिशीने बरं वाटतं, दुसऱ्याने हात हलवून दिला तर सांधे मोकळे राहतात. पण त्यात हुकूम मेंदूने दिलेला नसतो, त्यामुळे तो सराव धरता येत नाही.

मग घरच्यांनाच शिकवून सगळं सोपवावं का? भारतात नेमकं हेच तपासलं गेलं. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी केली. अर्ध्या रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयात असतानाच व्यायाम शिकवले आणि पुढे दोन महिन्यांपर्यंत घरी पाठपुरावा केला. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते.

हा निकाल निराशेचा वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. नातेवाइकांना थोडंसं शिकवून प्रशिक्षित थेरपिस्टची जागा भरून काढता येत नाही, हे त्याने सांगितलं. ग्रामीण भागात थेरपिस्ट नेमण्याचा खर्च टाळायचा म्हणून ‘घरचे करतील’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला या चाचणीचा आधार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णाला आठवड्यातून काही वेळा तरी फिजिओथेरपिस्ट भेटणं, हीच खरी गरज आहे. त्याने तपासायचं, त्या त्या हाताला झेपेल असं काम नेमून द्यायचं, दर आठवड्याला ते थोडं अवघड करायचं. मधल्या दिवसांची मोजदाद घरच्यांनी ठेवावी.

अशा कामाला महागडी यंत्रं लागत नाहीत. ताटातले ज्वारीचे दाणे चिमटीने उचलून वाटीत टाकणं, तांब्या उचलून ठेवणं, डब्याचं झाकण फिरवणं, सदऱ्याची बटणं लावणं, फडक्याने ओटा पुसणं, आणि पायांसाठी खुर्चीवरून आधार न घेता उठणं-बसणं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहिला की वाढ दिसते. दोन गोष्टी टाळायच्या : दुबळ्या हाताला धरून माणसाला ओढून उठवायचं नाही, कारण सैल झालेला खांदा निखळतो, आणि तोल सावरत नसेल तर एकट्याने चालू द्यायचं नाही. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायची नाही. दुसरा झटका आला तर तीन महिन्यांची कमाई एका दिवसात जाते.

औषधाने हात सुधारेल का, यावरही बरंच काम झालं. फ्रान्समध्ये २०११ साली ११८ रुग्णांच्या चाचणीत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने हालचाल सुधारल्याचं दिसलं आणि जगभर आशा पालवली. ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्य आलं असेल तर त्यावर उपचार जरूर घ्यावेत. हात परत यावा म्हणून सरसकट ही गोळी घेण्यात अर्थ नाही.

झटका येऊन वर्षं उलटली त्यांच्यासाठीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. २०२१ च्या एका चाचणीत १०८ रुग्णांच्या गळ्यातल्या व्हेगस नसेला सूक्ष्म विद्युत्स्पंद देणारं यंत्र बसवलं. त्यांना झटका येऊन नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत काळ लोटला होता. यंत्र चालू ठेवलेल्या गटाचा हात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. यंत्र महाग आहे, शस्त्रक्रिया लागते. आणि त्या चाचणीतही प्रत्येक सत्रात रुग्णांकडून शेकडो हालचाली करून घेतल्याच होत्या. स्पंद सरावाच्या जोडीला होते.

पुढच्या भागात : लकव्यात गेलेली वाचा. शब्द आठवत नसताना काही रुग्णांना गाणं कसं म्हणता येतं, आणि त्याचा उपचारात काय उपयोग करून घेतला जातो.