मास्ट्रिख्टचा जुना तुरुंग आणि निर्वासितांविषयीचे समज

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये ओव्हरमाझे नावाचा तुरुंग होता. तो बंद झाल्यावर त्याच इमारतीत आश्रय मागणाऱ्यांचं निवासकेंद्र आलं. इमारत तीच असल्यामुळे पहिला गैरसमज तिथूनच सुरू होतो.

‘निर्वासितांना इथे तुरुंगात ठेवतात.’

ओव्हरमाझेचं केंद्र खुलं आहे. सीओए ही सरकारी संस्था ते चालवते. राहणारे बाहेर जाऊ-येऊ शकतात, त्यांना ठरलेल्या दिवशी हजेरी लावावी लागते, मुलं शाळेत जातात. अर्ज सहा महिने प्रलंबित राहिला तर परवाना काढून कामही करता येतं. वर्षातून फक्त २४ आठवडेच काम करण्याची अट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवली. आपल्याकडेही कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तीही छावणी होती, कोठडी नव्हे.

खऱ्या कोठड्या वेगळ्या आहेत. रॉटरडॅमला विमानतळाशेजारी एक, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ दुसरी, आणि मुलं असलेल्या कुटुंबांसाठी झाइस्टला तिसरी.

‘कोठडीत टाकलंय, म्हणजे काहीतरी गुन्हा केलाच असणार.’

हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. ही कोठडी शिक्षा नसते. माणसाला परत पाठवण्याची तयारी होईपर्यंत तो निसटू नये, मुख्यतः यासाठी ती असते. स्किपोलला तर विमानातून उतरून आश्रय मागणाऱ्यालाही सीमेवरच अडकवून ठेवता येतं. २००८ च्या युरोपीय निर्देशानुसार आधी सौम्य उपाय पाहावा लागतो, परत पाठवणं शक्यच नसेल तर सोडावं लागतं. मुदत सहा महिन्यांची, फार तर अठरा. अठरा महिने, आणि तेही कुठलाही खटला न चालता! १९५१ चा निर्वासित करार तर सांगतो, की जीव वाचवायला थेट पळून आलेल्या आणि लगेच स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल दंड करू नये.

‘युरोपातली कोठडी, तिथे काय कमी असणार?’

२६-२७ ऑक्टोबर २००५ च्या मध्यरात्री स्किपोलच्या तात्पुरत्या कोठडी संकुलात आग लागली. परत पाठवण्यासाठी ठेवलेली अकरा माणसं बंद दारांमागे मेली. अग्निसुरक्षेची नीट काळजी घेतली असती तर बळी कमी गेले असते किंवा गेलेच नसते, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष सप्टेंबर २००६ मध्ये आला आणि दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले.

रशियातला सरकारविरोधी कार्यकर्ता अलेक्सांद्र दोल्मातोव्ह याची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागते. त्याचा अर्ज नाकारला गेला, पण वकिलाने वेळेत अपील केलं होतं, म्हणजे त्याला धरताच येत नव्हतं. संगणकावर मात्र तो ‘परत पाठवण्याजोगा’ दिसत होता. पोलीस कोठडीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, तरी त्याला रॉटरडॅमला हलवलं. १७ जानेवारी २०१३ रोजी तो तिथल्या खोलीत मृतावस्थेत सापडला. यंत्रणांनी हलगर्जी केली, असं सरकारी तपासणीनेच मान्य केलं. नियम चांगले असून भागत नाही. एका चुकीच्या नोंदीची किंमत कोठडीतला माणूस मोजतो.

‘न्यायाधीश बघतातच की!’

बघतात, पण वकिलाने मांडलेले मुद्देच तपासायचे, अशी डच पद्धत होती. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की कोठडी कायदेशीर आहे का हे न्यायाधीशाने स्वतःहून तपासलं पाहिजे. हा सवाल वर नेणाऱ्यांत एक खालचं डच न्यायालयही होतं, हे मला मोलाचं वाटतं.

‘शेंगेनमध्ये कागद कोण विचारतं?’

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणारे युरोपीय देश, पण म्हणून कागद लागत नाहीत असं नाही. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी याच मास्ट्रिख्टमध्ये झालेल्या कराराने युरोपीय नागरिकत्व दिलं, तेही फक्त सदस्य देशांच्या नागरिकांना. मास्ट्रिख्ट बेल्जियमच्या हद्दीला लागून आहे. सीमेपासून वीस किलोमीटरच्या पट्ट्यात डच सीमा पोलीस आधीपासूनच तपासणी करतात आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्यक्ष सीमेवरची तपासणीही पुन्हा सुरू झाली. मास्ट्रिख्टहून बेल्जियममधल्या लिएजला किंवा जर्मनीतल्या आखेनला दिवसभरासाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी पासपोर्ट आणि निवासपत्र जवळ ठेवावं.

ओळखीच्या कुणाला धरलं, तर आधी वकील मागा. कोठडीतल्या माणसाला तो सरकारी खर्चाने मिळतो. दूतावासाला कळवायची मागणी करता येते, पण त्या माणसाने आश्रय मागितला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय दूतावासाला एक शब्दही कळवू नका.