मुलांच्या वाट्याचा पडदा

सिंदी मेघे हे गाव वर्धा शहराला इतकं खेटून आहे की शहर नेमकं कुठे संपलं, ते नवख्या माणसाला सांगता येत नाही.   वर्ध्याच्या आसपासच्या अशा वस्त्यांत गच्चीवर, पत्र्यावर, कधी खिडकीच्या गजाला बांधलेली दूरदर्शनची मोफत छत्री दिसते. २००४च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झालेली आणि आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाणारी ही सेवा एकदा डबा आणि छत्री घेतली की दरमहा काही मागत नाही. या छत्रीवर मराठीची सह्याद्री येते, कलासंस्कृतीची डीडी भारती येते, इयत्तावार शिकवणाऱ्या सरकारी शैक्षणिक वाहिन्याही येतात. पडद्यावर मुलांसाठी म्हणून सरकारने इतकी जागा यापूर्वी कधीच दिली नव्हती. तरीही मराठी मुलाची हक्काची, त्याच्या भाषेतली आणि त्याला खिळवून ठेवणारी सार्वजनिक वाहिनी कोणती, असं विचारलं तर उत्तर पटकन सुचत नाही.

असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

भारतात दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. दोनच वर्षांत, १९६१मध्ये, दिल्लीच्या शाळांसाठी धडे सुरू झाले. म्हणजे या माध्यमाचा आपल्याकडचा पहिला नियमित प्रेक्षक वर्गात बसलेला विद्यार्थी होता. करमणूक नंतर आली. त्या सुरुवातीच्या काळात दिल्लीत काम करणाऱ्यांमध्ये पु. ल. देशपांडे होते, ही मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट. मुंबई केंद्र उघडलं २ ऑक्टोबर १९७२ला आणि वर्षभरात सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणंही त्या कक्षेत आलं.

मुंबई केंद्राने थोड्या वेळात फार मोठं काम केलं. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'शब्दांच्या पलीकडले', आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' ही नावं आजही साठीतल्या मंडळींच्या तोंडी आहेत. मुलांसाठी 'किलबिल' होता. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊला बाळ कर्वे यांनी पडद्यावर आणलं, तेव्हा आजोबा आणि नातू एकाच वेळी हसत होते. साहित्य, नाटक, गाणं आणि मुलं यांच्यात त्या काळी भिंत नव्हती. वेगळी वाहिनी नसण्याचा तो एक अनपेक्षित फायदा होता: मोठ्यांसाठीची कविता मुलांच्या कानावर आपसूक पडायची.

पण हे सगळं मुंबई-पुण्याचं. विदर्भातल्या मुलापर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि उपग्रहाद्वारे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४मध्ये तर देशात छोट्या प्रक्षेपकांचा असा सपाटा लागला की काही महिने सरासरी रोज एक सुरू होत होता. या छोट्या केंद्रांचं मुख्य काम दिल्लीहून आलेलं पुढे ढकलणं. त्यामुळे मुंबईपासून दूरच्या अनेक छोट्या शहरांतल्या मुलांची दूरदर्शनशी पहिली गाठ हिंदीतून पडली. एकाने कौलावर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खालून ओरडून मुंग्या गेल्या की नाही ते सांगायचं, आणि एवढं करून 'विक्रम और बेताल' किंवा 'मालगुडी डेज' बघायचं. कार्यक्रम उत्तम होते. त्यांत आपली बोली नव्हती, एवढंच.

मराठी मुलांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली ती याच काळात. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली; लोकांनी तिला ओळखलं ते 'बालचित्रवाणी' या नावाने. इन्सॅट उपग्रहाच्या योजनेत सहा राज्यांना अशा संस्था मिळाल्या: महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेश. दिल्लीत एनसीईआरटीची केंद्रीय संस्था त्यांना जोडलेली होती. कार्यक्रम दोन वयोगटांत विभागलेले, ५ ते ८ आणि ९ ते ११ वर्षं. शनिवारचा वेळ शिक्षकांसाठी. पाच वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट एकाच पद्धतीने सांगता येत नाही, हे सरकारी यंत्रणेला तेव्हा कळलं होतं, ही मोलाची गोष्ट आहे. नंतरच्या अनेक वाहिन्यांनी ते भान सोडून दिलं.

बालचित्रवाणीचा कार्यक्रम खेड्यातल्या शाळेत बघायचा म्हणजे केवढा खटाटोप असे! वीज असली पाहिजे, संच चालू असला पाहिजे, तो ज्या कपाटात ठेवला त्याची किल्ली असलेले गुरुजी हजर असले पाहिजेत आणि प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या वेळापत्रकात बसली पाहिजे. त्या काळी कार्यक्रम थांबवून पुन्हा लावायची सोय नव्हती. गेला तो गेला. या साखळीची एक कडी निखळली तरी पुण्यात महिनाभर राबून केलेला भाग वाया जाई. तरीही तेव्हाच्या शाळकरी पिढीला ते नाव आठवतं, यातच त्या कामाचं वजन कळावं.

केंद्रीय संस्थेचा 'तरंग' हा मुलांचा कार्यक्रम याच धाटणीचा. आणि दूरदर्शनवर विज्ञानाच्या कृती दाखवणारे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत मुलांच्या विज्ञान केंद्रात रमले. दूरदर्शनसाठी त्यांनी विज्ञानाच्या कृतींच्या सव्वाशे फिल्म सादर केल्या. त्यांच्या खेळण्यांमधलं सगळ्यांत गाजलेलं घ्या. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कापून पेराएवढे तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून आगपेटीच्या काड्या खुपसल्या की हवा तसा वळणारा सांधा तयार होतो. चार काड्या आणि चार तुकडे जोडले की चौकोन होतो, पण बोटाने दाबताच तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. मूल हे दोन्ही हातात घेऊन बघतं, मग मान वर करून घराच्या छपराकडे बघतं आणि तिथली कैची त्रिकोणी का आहे, ते त्याला कोणी न सांगता उमगतं. खर्च जवळजवळ शून्य, आणि सामान प्रत्येक खेड्यातल्या सायकलवाल्याकडे मिळणारं.

वर्ध्याच्या माणसाला यात काहीतरी ओळखीचं वाटेल. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे योजना आखली आणि नई तालीम जन्माला आली. हाताने काम करता करता डोकं चालवायचं, हा तिचा गाभा. दूरचित्रवाणीवर कायमचा आक्षेप असा की ती मुलाला नुसतं बसवून ठेवते. काडी आणि नळीच्या त्या कृतीने हा आक्षेप खोडून काढला. पडद्यावरचे हात बघून मुलाचे हात चालू लागले, तर पडदा बंद झाल्यावर खरा कार्यक्रम सुरू होतो. मुलांच्या कोणत्याही कार्यक्रमाची पारख याच एका कसोटीवर करावी, असं या लेखाचं म्हणणं आहे.

संस्कृतीच्या बाजूला हीच किमया 'सुरभि'ने केली. १९९०मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे देशभरच्या कला, कारागीर, सण, इमारती दाखवत आणि शेवटी प्रश्न विचारत. उत्तरांची पत्रं पोत्यांनी यायची. पुढे टपाल खात्याने स्पर्धेसाठी जास्त किमतीचं वेगळं पोस्टकार्ड काढलं. उत्तर शोधायला मुलं वडीलधाऱ्यांना विचारत, वाचनालयात जात. बघणाऱ्याला काहीतरी करायला लावलं, हेच इथेही घडलं.

मग उपग्रह वाहिन्या आल्या. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात पोचलं आणि मुलांना दिवसभर बघायला मिळू लागलं. दूरदर्शनची मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ला डीडी-१० म्हणून आली आणि २०००मध्ये तिचं नाव सह्याद्री झालं. दक्षिणेत सन समूहाने तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चार भाषांत बालवाहिन्या काढल्या. मराठी मूल तोवर हिंदीत डब केलेल्या जपानी गोष्टी बघत मोठं झालं. बाजाराने हिशेब केला की मराठी मुलाला हिंदी समजतं, तेव्हा वेगळा खर्च कशाला. असा हिशेब बाजार करणारच. सार्वजनिक वाहिनीने तो करू नये म्हणून तर ती लोकांच्या पैशातून चालते. प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, तो अमलात आला १९९७मध्ये. त्याच्या कलम १२मध्ये मुलांच्या हिताची खास काळजी घेणं आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा-संस्कृतींना पुरेसं स्थान देणं, या दोन्ही गोष्टी कर्तव्य म्हणून लिहिलेल्या आहेत.

त्या कर्तव्याचं सगळ्यांत ठळक रूप म्हणजे डीडी भारती. २६ जानेवारी २००२ रोजी ती सुरू झाली तेव्हा मुलं, आरोग्य, कला आणि वारसा असे विषय तिच्याकडे सोपवले होते. योगायोग असा की त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, ११ फेब्रुवारीला, बीबीसीने ब्रिटनमध्ये मुलांच्या दोन वाहिन्या काढल्या: अगदी लहानांसाठी सीबीबीज आणि मोठ्या मुलांसाठी सीबीबीसी. कलासंस्कृतीसाठी मार्चमध्ये बीबीसी फोर आली. तिकडे तीन घरं बांधली, आपण सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. जर्मनीच्या सार्वजनिक संस्थांनी तर १९९७पासूनच मुलांची जाहिरातमुक्त वाहिनी चालवली होती.

एका खोलीत शेवटी ज्याचं सामान आधीपासून भरलेलं असतं, तोच राहतो. दूरदर्शनच्या संग्रहात शास्त्रीय संगीत, नृत्य, मोठ्या लेखक-कलावंतांच्या मुलाखती यांचा खजिना होता आणि डीडी भारतीने तो मनापासून दाखवला. भीमसेन जोशींची जुनी मैफल रात्री अकस्मात लागलेली बघणं हा आजही आनंदाचा अनुभव आहे. पण मुलांसाठी असा साठा पुरत नाही. दर पाच-सात वर्षांनी नवं मूल येतं, त्याचे प्रश्न नवे असतात, त्याच्यासाठी सतत नवं करावं लागतं आणि त्याला पैसा, लेखक, चित्रकार, कठपुतळीवाले, संगीतकार लागतात. ते झालं नाही. वाहिनीची ओळख कलेची म्हणून पक्की झाली आणि मुलं कडेला राहिली.

महाराष्ट्रात तर संस्थाच गेली. केंद्राचं अनुदान थांबलं, राज्याने ओझं उचलायचं टाळलं, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७मध्ये बालचित्रवाणीला कुलूप लागलं. डिजिटल साहित्याचं काम बालभारतीकडे देण्याची भाषा झाली. मुलांसाठी पटकथा लिहिणं आणि पाठ्यपुस्तक पडद्यावर आणणं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तेहतीस वर्षांत पुण्यात जी माणसं हे शिकली होती, त्यांचं कसब कुठल्याही सर्व्हरवर चढवता येत नाही.

या कुलपाची किंमत तीनच वर्षांत कळली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तिथे ऑनलाइन वर्ग हा शब्दच पोकळ होता. घरातला टीव्ही तेवढा हाताशी होता. केरळने जून उजाडताच, १ जूनला, 'फर्स्ट बेल' नावाने पडद्यावरची शाळा भरवली. त्यांना ते जमलं, कारण २००५मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालेली त्यांची व्हिक्टर्स ही शैक्षणिक वाहिनी त्यांनी पंधरा वर्षं सांभाळली होती. स्टुडिओ होता, माणसं होती, सवय होती.

महाराष्ट्रात २० जुलैला सह्याद्रीवर 'टिलीमिली' आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी केलेली ही मालिका घरातल्या वस्तू, अंगण, आईबाबा यांना हाताशी धरून शिकवायची. वर्ग आणि फळा जवळपास हद्दपार करून तिने मुलाला उठून काहीतरी करायला सांगितलं, म्हणून ती मनापासून कौतुकास पात्र आहे. इतक्या थोड्या काळात एवढं काम उभं करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण एका बाहेरच्या संस्थेच्या तळमळीवर राज्याला विसंबावं लागलं. मालिका संपली आणि सह्याद्रीची सकाळ पुन्हा पूर्वीसारखी झाली.

त्यानंतर शैक्षणिक वाहिन्यांचा आकडा वाढतच गेला. केंद्र सरकारच्या 'पीएम ई-विद्या' योजनेच्या बारा वाहिन्या होत्या. २०२२च्या अर्थसंकल्पात त्या २००पर्यंत नेण्याची घोषणा झाली, प्रादेशिक भाषांसह. धडे मिळतात, हे चांगलंच आहे. दहावीच्या मुलीला अडलेलं गणित पुन्हा बघता येतं. मात्र धडा म्हणजे बालसंस्कृती नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट लागते, गाणं लागतं, आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी पडद्यावर दिसावं लागतं.

वर्ध्याच्या मुलासाठी हे कुणीतरी फार लांबून आणायचं नाही. नागपूरला दूरदर्शनचं केंद्र आहे, आणि ते वर्ध्यापासून दोन तासांच्या आत आहे. झाडीपट्टीची दंडार आणि खडी गंमत आहे, तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून दारोदार नेणाऱ्या मुलांचा तान्हा पोळा आहे, जो विदर्भाबाहेरच्या बहुतेक मराठी मुलांनी पाहिलेलाही नाही. सेवाग्रामला नई तालमीची आनंद निकेतन शाळा आहे, तिथली मुलं शेतात आणि सुतावर काम करत शिकतात. रोज अर्धा तास, नागपूरहून, वऱ्हाडी आणि झाडी बोलीची लाज न बाळगता, दोन वयोगटांसाठी वेगळा, आणि सह्याद्रीवर पक्क्या वेळेला लागणारा कार्यक्रम इतक्या सामग्रीवर सहज उभा राहील. त्यासाठी नवी वाहिनी, नवा कायदा किंवा नवा उपग्रह यांपैकी काहीच लागत नाही. पाच वर्षांची तरतूद आणि सलग पाच वर्षं एकाच जागी टिकणारी दहा-बारा कसबी माणसं, एवढी मागणी आधी नागपूर केंद्राकडे आणि मग प्रसार भारतीकडे विदर्भातल्या शिक्षक संघटनांनी, ग्रंथालयांनी आणि पालकांनी लेखी करायला हवी.